आदरार्थी बहुवचन

बाबा गेल्यावर त्यांची रुवैसची खोली रिकामी करून द्यायची होती, म्हणून रविवारी दुपारी अजमानहून मी जहूरचाचांच्या गाडीत बसले. भाडं वाटून घ्यायच्या याच कारलिफ्टने बाबा दर आठवड्याला तिथल्या रिफायनरीतल्या नोकरीवर जायचे. स्टिअरिंगवर रत्नागिरीचे जहूरचाचा, मागे रोह्याचे नोमानभाई, पुढे बाबा. आता पुढे मी.

"एसी लागत नाही ना गं?" चाचांनी विचारलं. दुबई मागे पडली.

मग नोमानभाई म्हणाले, "गुणवंतरावांसारखा माणूस होणे नाही."

"फार शांत स्वभाव होता त्यांचा," चाचा म्हणाले.

बाबा आणि शांत. मी खिडकीबाहेर बघितलं. महिनाभर हेच चाललं होतं. माणूस गेला की त्याला आदरार्थी बहुवचनात नेऊन बसवतात आणि तिथून कोणी उठू देत नाही. दुबईत ऊद मेथा भागात झालेल्या शोकसभेत ज्यांच्याबद्दल बोलत होते, त्यांना मी ओळखलंही नसतं. रोज फोनवर बाबांशी भांडणारी आईसुद्धा आता हळू आवाजात बोलते. ही गाडी तेवढी उरली होती. बाबांचा फोन आला की मागून चाचांचा आवाज यायचा, "ए गुणवंता, गप बस ना रे." तो गुणवंता इथेही नसला, तर मग कुठेच नव्हता.

अबू धाबी गेलं. ऊन समोरून डोळ्यांत यायला लागलं.

"कधी कुणाला दुखवलं नाही त्यांनी," नोमानभाई म्हणाले.

"चाचा," मी म्हणाले, "ट्रकमागे काय राहिलाय? डावी लेन रिकामी आहे."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि लेन बदलली.

"आधी आरसा बघायचा. मग इंडिकेटर."

मागे नोमानभाई खोकले.

"आणि शंभरनेच चालवायची, तर बैलगाडी काय वाईट?"

"तुझ्याकडे लायसन्स आहे का?" चाचांनी विचारलं.

"नाही. टेस्टमध्ये नापास झाले. एक्झामिनरचा माझ्यावर राग होता."

नोमानभाईंना हसू फुटलंच. "हेच म्हणायचा! दर वेळी हेच. अख्ख्या दुबईच्या एक्झामिनरांचा त्याच्यावर राग."

"राग कसला," चाचा म्हणाले. "पार्किंग करताना खांबाला ठोकली त्याने. उतरून काय म्हणतो, तर खांब चुकीच्या जागी आहे. असा माणूस इतकी वर्षं मला गाडी शिकवत होता. तीपण झोपेत."

"झोपेत?" मी विचारलं.

"तरीफचा फाटा आला की खलास, घोरणं सुरू. मी लेन बदलली की डोळे न उघडता म्हणायचा, इंडिकेटर."

"घोरायचा नाही," नोमानभाई म्हणाले. "जागा असायचा. डोळे मिटून जहूरची परीक्षा घेतो, असं मला सांगितलंय त्याने."

"जागा? अरे, लाळ गळायची त्याची सीटबेल्टवर."

माझा हात त्याच पट्ट्यावर होता. मी तो काढला नाही.

मिर्फा मागे पडलं तरी दोघांचं मिटेना. शेवटी चाचा माझ्याकडे वळले. "तूच सांग. घरी घोरायचा की नाही?"

आमच्या घरात बाबांना कधी कोणी एकेरी बोललं नव्हतं.

"घोरायचा," मी म्हणाले. "आणि हलवून उठवलं तर म्हणायचा, मी जागाच आहे."