फ्यूज बाबांच्या खिशात

आमच्या घरात कामाचा एकच नियम होता. तारेला हात लावण्याआधी बोर्डावरचा फ्यूज उपसायचा आणि तो बाबांच्या शर्टाच्या खिशात जायचा. चिनी मातीचा तो पांढरा ठोकळा टेबलावर ठेवायचा नाही, खिडकीत ठेवायचा नाही आणि घरमालकाच्या हातात तर मुळीच द्यायचा नाही. कारण पंखा बंद दिसला की कुणीतरी शहाणा तो उचलून परत बसवणारच. न सांगता मदत करायची लोकांना फार हौस. बाबांच्या खिशात हात घालायची हिंमत मात्र कुणाची नव्हती. बाबा वायरमन, दादा त्यांच्या हाताखाली तयार झालेला वायरमन, आणि सुट्टी असली की शिडीखाली उभी राहून दोघांना पक्कड देणारी मी.

दादा नवा नवा शिकत होता तेव्हा फ्यूज काढल्यावरही टेस्टर लावून बघायचा. पेनाएवढं ते हत्यार. टोक तारेला टेकवायचं, मागच्या टोपीवर बोट ठेवायचं. तार चालू असली तर आत एवढासा नारिंगी दिवा लागतो. बाबा खिशावर थाप मारून म्हणायचे, "फ्यूज इथं आहे. बापाला टेस्टर लावतोस काय रे?" आणि आम्ही सगळे हसायचो. पुढे तो घरातला विनोदच झाला. आईने मीठ बरोबर आहे म्हटल्यावर कुणी चाखून बघितलं, तरी आई डोळे वटारून विचारायची, "आईला टेस्टर लावतोस?" दादाने हळूहळू बाबांसमोर टेस्टर काढणं सोडून दिलं. ते नसले की लावायचा.

गेल्या वर्षी एका जुन्या घरात काम करताना दादा तारेला चिकटला आणि गेला. फ्यूज तेव्हा बाबांच्या खिशात होता. घरमालकाने घाबरून मेन स्विचच पाडला, त्यामुळे कुठली तार कुठून चालू राहिली हे नंतर कुणालाच सांगता येईना. लोक म्हणाले, जुनं घर, शेजारून गुपचूप लाइन घेतलेली असणार. बाबांनी तेवढं वाक्य धरून ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ती काडी होती. आम्हीही ती त्यांच्या हातून कधी काढून घेतली नाही.

दादाच्या कपड्यांबरोबर त्याचा टेस्टर परत आला. तो खिशाला अडकवलेलाच होता. मी तो माझ्याजवळ ठेवला, आणि वर्षभर त्याच्याकडे बघून मला नुसता राग येत राहिला. टेस्टरचा नाही, दादाचा. अरे, तो काढून लावायला असा कितीसा वेळ लागतो? तेवढंही तुला जमू नये?

बाबांनी त्यानंतर पक्कड हातात धरली नाही. बल्ब गेला तरी मीच बदलायचे, आणि मी स्टुलावर चढले की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

मग एका सकाळी ठेकेदारकाका घरी आले. बाबा आणि दादा त्यांच्याकडेच काम करायचे. चहाचा कप हातात धरून ते बराच वेळ हवापाण्याचं बोलत बसले. शेवटी मलाच राहवेना.

"काका, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? काय ते बोला की."

"ठिणगी ती ठिणगीच," काका हसले. हे नाव मला दादाने ठेवलेलं, माझ्या नाकावरच्या रागावरून. हसल्यावर त्यांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी कप खाली ठेवला. "नवी इमारत घेतलीय वायरिंगला. शिकणारी माणसं हवीत. तुझा हात मी पाहिलाय. माझ्या माणसांबरोबर काम शीक, पुढे परीक्षा देऊन लायसन्स काढ. उद्या सकाळपर्यंत कळव. पण आईबाबांना विचारून हं."

ते गेले आणि आईने कपबश्या अशा काही विसळल्या की एका कपाचा कान तुटला.

"दुधाने तोंड पोळलं तर माणसं ताकसुद्धा फुंकून पितात," ती म्हणाली. "आणि ही निघाली पुन्हा उकळतं दूध प्यायला! शिवण शीक, शिकवण्या घे, दुकानात उभी राहा. जगातली कामं काय संपली?"

"मला हेच येतं, आई. आणि मला हे आवडतं."

"त्यालाही आवडायचं."

आवडतं म्हणजे काय, हे तिला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. भिंतीतल्या नळीतून तार ओढताना दादा पलीकडच्या खोलीतून ती सरकवायचा. मी अलीकडे भोकाशी डोळा लावून बसायचे. तो ओरडायचा, "आली का गं?" आणि काळोखातून तारेचं टोक एकदम पुढे यायचं, की मी ओरडायचे, "आली!" त्या एका क्षणासाठी मी दिवसभर उपाशी राहिले असते. पलीकडून आता तो आवाज येणार नाही, एवढं मला कळतं. त्याच्यासाठी मी अजूनही उशीत तोंड खुपसून रडते. तरीही मला तार ओढायचीच होती.

आता बाबा म्हणाले, "तिच्या टेबलाजवळचा पॉइंट हलतोय. तो नीट करून दाखवू दे. मग बघू."

बाहेरच्या खोलीतला तो पॉइंट दादाने बसवला होता, माझ्या टेबलावरच्या दिव्यासाठी. घरातलं त्याचं शेवटचं काम. प्लग लावला की तडतड आवाज यायचा, तरी तो उघडायचं धाडस कुणी केलं नव्हतं. त्याचे स्क्रू दादाच्या हातांनी आवळलेले होते.

बाबांनी स्टूल ओढलं. दाराच्या वर बोर्ड, त्यावर दोन फ्यूज, एक बाहेरच्या खोलीचा आणि एक स्वयंपाकघराचा. त्यांनी बाहेरच्या खोलीचा उपसला. पंखा मंदावत मंदावत थांबला. खाली उतरून त्यांनी फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून हात ठेवला. वर्षभराने तो हात तिथे गेला होता.

"फ्यूज माझ्या खिशात आहे," बाबा म्हणाले. "उघड."

मी स्क्रू काढले, झाकण ओढलं. आत दादाने नेहमीसारखी तार थोडी जास्तच सोडली होती, पुढे कुणाला दुरुस्तीला अडचण नको म्हणून. एक तार स्क्रूखालून सैल झाली होती. ती बोटाने नीट करायची आणि आवळायची, एवढंच काम. दादाचा टेस्टर माझ्या खिशात होता.

आणि मला तो काढवेना. एरवी तो नुसता विनोद होता. आता टेस्टर काढणं म्हणजे बाबांना तोंडावर सांगणं, की तुम्ही बंद म्हणता ते बंद असेलच असं नाही. त्या दिवशीही नसेल. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती, की मीही गपचूप त्यांच्यावर विश्वास ठेवावा आणि काही होऊ नये. तेव्हा मला दादा कळला. तो निष्काळजी नव्हता. त्याला बापाचं मन मोडायचं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण बापाचं मन मोडतं? वर्षभर मी त्याच्यावर उगाच चिडत होते आणि माझी बोटं त्याच्यासारखीच तारेकडे निघाली होती.

दारात आई उभी होती. माझ्या रिकाम्या हाताकडे बघत तिने चौकट घट्ट धरली होती.

मी टेस्टर काढला. बाबा हसले नाहीत. मी टोक तारेला टेकवलं, टोपीवर बोट ठेवलं, आणि आत दिवा लागला.

आधी वाटलं, खिडकीतलं ऊन असेल. मी वर तळहाताचा आडोसा केला. नारिंगी दिवा तसाच. क्षणभर वाटलं, तळहात असाच ठेवावा, बंद आहे म्हणावं, मला जमत नाही म्हणून झाकण लावून टाकावं आणि काकांना नाही कळवावं. बाबांची काडी बाबांच्या हातात राहील. त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली की मी ते करणारच होते.

"चालू आहे, बाबा," मी म्हणाले.

"कसं चालू असेल? फ्यूज माझ्या..." त्यांनी खिशातून तो काढला आणि बघत राहिले. मग थांबलेल्या पंख्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे. तिथला बल्ब जळत होता.

"त्याने हा पॉइंट आतल्या, स्वयंपाकघराच्या लाइनवरून घेतलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "सांगितलं होतं मला. चहा पिताना सांगितलं होतं. मी हं म्हटलं होतं."

ते भिंतीला टेकून खाली बसले.

"त्या घरात मी कुठला काढला होता गं?"

"बरोबरच काढला असेल तुम्ही," आई म्हणाली. पण आज ते वाक्य कुणाला पटलं नाही, तिलासुद्धा नाही.

"तो लावायचा का टेस्टर? मी नसताना?"

"लावायचा. नेहमी."

"आणि माझ्यासमोर?"

मी हातातल्या टेस्टरकडे बघितलं. बाबांनी फ्यूज कपाळाला लावला आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा आमच्यासमोर रडले. "मी हसायचो रे," ते म्हणत होते, "मी हसायचो त्याला." रे म्हणत होते, म्हणजे माझ्याशी बोलत नव्हते.

कितीतरी वेळाने ते उठले. स्टुलावर चढून त्यांनी दुसरा फ्यूजही काढला. स्वयंपाकघरातला बल्ब गेला. खाली येऊन हात सवयीने खिशाकडे गेला, मध्येच थांबला, आणि त्यांनी दोन्ही फ्यूज माझ्या खिशात टाकले.

"आता लाव."

"बाबा, दोन्ही काढलेत तुम्ही. मी बघितलं."

"लाव म्हणतो ना. बापाला लाव."

मी टेस्टर तारेला टेकवला. डोळ्यांत इतकं पाणी होतं की मला काही दिसेना.

"आई, बघ गं," मी म्हणाले. "लागला का?"

आई चौकट सोडून आली. जन्मात कधी ती तारेच्या जवळ गेली नव्हती. माझ्या शेजारी गुडघे टेकून, पदराने माझे डोळे पुसून, ती बराच वेळ त्या टेस्टरकडे बघत राहिली.

"नाही लागला," ती म्हणाली. "तरी पुन्हा एकदा लाव."