मी शिट्टी मारत नाही

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि मी शिट्टी मारत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दावरून झाला. तो सांगताना माझा तोल गेला तर समजून घ्या. गाडी झाले म्हणून काय झाले, सहन करायलाही काही मर्यादा असते.

दिसायला मी चारचौघींसारखीच आहे. चार दारे, मागे सामानाची जागा, रंग दुधी. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी रोज कारखान्यातून बाहेर पडत होत्या. भाजी आणायची, मुलांना शाळेत सोडायचे, सुट्टीत मामाच्या गावाला जायचे, हेच त्यांचे आयुष्य. माझेही तेच व्हायचे होते. पण एके दिवशी आमच्यातल्या काही जणींना रांगेतून बाजूला काढले. मला वाटले, काहीतरी खोट निघाली. मग एका कामगाराने माझ्या चांगल्या धडधाकट बॉनेटला भले मोठे भोक पाडले आणि त्यावर पत्र्याचे फुगीर नाक बसवले.

त्या कामगारालाही ते पटत नव्हते. तो मुकादमाला म्हणाला, "चांगल्या गाडीची वाट कशाला लावतोय आपण?"

"शर्यतीसाठी," मुकादम म्हणाला.

"ही शर्यतीत धावणार?"

"ही नाही रे. हिचा भाऊ धावणार, चिखलातून, बर्फातून. पण शर्यतवाल्यांचा नियम आहे. जी गाडी दुकानात कुणालाही विकत मिळते, तीच शर्यतीला आणायची. मग अशा थोड्या बनवून विकायला नकोत?"

"आणि भाऊ जिंकला, की लोक हिला घेणार?"

"छे! लोक साधी घेणार. जिंकलेल्या गाडीसारखी दिसते ना, म्हणून."

कामगाराने डोक्याला हात लावला. मला हात असते तर मीही लावला असता. म्हणजे धावणार भाऊ, विकल्या जाणार बहिणी, आणि माझा जन्म कशासाठी? तर नियमाची भरती करण्यासाठी. शाळेत तपासणी आली की पट भरलेला दिसावा म्हणून शेजारपाजारची पोरे आणून बसवतात, तशी मी.

पण एक गोष्ट मात्र मला खरी मिळाली. माझ्या इंजिनाच्या कुशीत टर्बो नावाचा एक लहानसा पंखा बसवला. इतर गाड्या जो धूर मागच्या नळीतून फेकून देतात, तो माझ्याकडे आधी हा पंखा फिरवतो. त्याच दांडीवर दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. शर्यतीत मोठे इंजिन बसवायची सोय नसते, म्हणून लहान इंजिनाला असा जास्तीचा श्वास देतात. हवा जोरात ओढली जाते, तेव्हा बारीकसा आवाज येतो. सूंऽऽऽ. झाले. एवढेच. याला शिट्टी म्हणत नाहीत, मित्रांनो. याला दम घेणे म्हणतात.

दुकानात मी कोपऱ्यात उभी होते. भिंतीवर माझ्या भावाचा चिखलाने माखलेला मोठा फोटो होता. लोक फोटो बघायचे, वा वा म्हणायचे आणि साधी गाडी घेऊन जायचे. माझ्याजवळ येऊन नाकाकडे बोट दाखवायचे आणि हसायचे. अगदी कंटाळा आला होता.

मग एके दिवशी हेडसर आणि काकू आले. हेडसर म्हणजे एका शाळेचे मुख्याध्यापक. काकू त्यांच्या पत्नी आणि त्याच शाळेच्या ग्रंथपाल. सगळे गाव त्यांना काकूच म्हणत असे. हेडसरांना साधी गाडी हवी होती, पण तिच्यासाठी थांबावे लागणार होते. मी तयार होते.

"हीसुद्धा तीच गाडी का?" हेडसरांनी विचारले.

"तीच, सर," विक्रेता म्हणाला. "थोडी जास्तच आहे, कमी नाही."

तेवढ्यावर हेडसर सही करायला आत गेले. काकू मात्र फोटोसमोर थांबल्या. फोटोतल्या गाडीचे नाक आणि माझे नाक त्यांनी नीट पाहिले, विक्रेत्याला खोदून खोदून विचारले आणि नियमाची सगळी हकीकत ऐकून घेतली. परतताना त्या हेडसरांना ती सांगूही लागल्या. हेडसर म्हणाले, "हं." त्यांचे लक्ष आरशात होते. पालथ्या घड्यावर पाणी.

हेडसर गाडी चालवायचे ती अशी, की रस्त्यावर अंडी पसरली आहेत. सपाट रस्त्यावर माझा पंखा झोपूनच असे. पण शाळा होती टेकडीवर. खालच्या फाटकापासून वरपर्यंत सरळ उभा चढ. तिथे हेडसरांना पाय दाबावाच लागे. दाबला की आधी काही होत नसे, मग मी एकदम उसळी घेई. हेडसर म्हणायचे, "ही गाडी सांगितलेलं उशिरा ऐकते आणि मग जरा जास्तच ऐकते." आणि नेमके तेव्हाच माझे सूंऽऽऽ सुरू होई.

फाटकाच्या कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींचे दुकान होते. सकाळी तिथे बायकांची ये-जा असे. एकदा मी चढाला लागले, सूंऽऽऽ झाले, आणि दुकानातून बाहेर पडणाऱ्या दोघी-तिघींनी गर्रकन मान वळवली. एकीने तर पदर सावरला. शिवणवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या.

"सर! तुम्हीसुद्धा?"

"काय मीसुद्धा?" हेडसर गोंधळले.

"या वयात बायकांना बघून शिट्ट्या मारता?"

हेडसरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्या माणसाने आयुष्यभर वात्रट पोरांच्या तोंडातल्या शिट्ट्या काढून घेतल्या, त्याच्यावर हा आळ! "अहो मावशी, मी नाही. गाडी मारते," ते म्हणाले. आता याने कुणाचे समाधान होणार? मावशी म्हणाल्या, "छान. काल एक पोरगा म्हणाला सायकल मारते, आज तुम्ही म्हणता गाडी मारते."

गावात बभ्रा व्हायला कितीसा वेळ लागतो? हेडसर फाटकात आले, की मुले ओठांचा चंबू करून उभी राहायची. हेडसरांची जन्मभराची अब्रू माझ्या पंख्यामुळे पणाला लागली. ते मला घेऊन गॅरेजात गेले आणि मिस्त्रींना म्हणाले, "काहीही करा, पण ही शिट्टी बंद करा."

घरून निघताना दारातच काकू त्यांना म्हणाल्या होत्या, "अहो, शिट्टी नाही ती. दम घेतेय ती. तुम्हाला सांगितलं होतं ना मी, त्या शर्यतीच्या नियमाचं?"

"अगं, लोकांना नियम कोण सांगत बसणार?"

"तुम्ही. शिक्षक आहात."

हेडसरांनी किल्ली फिरवली. सांगायचे म्हणजे आधी समजून घ्यायला हवे, आणि समजून घ्यायचे म्हणजे विचारायला हवे. हेडसरांना प्रश्न विचारायची सवय होती, पण त्यांची उत्तरे स्वतःला आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नांची.

मिस्त्रींनी माझे बॉनेट उघडले. आवाज कुठून येतो ते शोधले. पंखा सापडला. तो त्यांनी काढला आणि त्याच्या जागी सरळ नळ्या जोडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, मित्रांनो! मी ओरडणार तरी कशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. इंजिन सुरू झाले. सूं नाही, काही नाही. हेडसरांनी मिस्त्रींचा हात हातात घेऊन हलवला. मला माझीच लाज वाटत होती. ज्या एका गोष्टीसाठी मला रांगेतून बाहेर काढले होते, तीच काढून घेतली. उरले काय? भोक पाडलेले बॉनेट.

दुसऱ्या दिवशी चढ आला. हेडसरांनी पाय दाबला. मी जीव काढून ओढले आणि अर्ध्या चढावर बसकण मारली. त्यात माझा काय दोष? माझे इंजिन मुळात त्या पंख्याच्या भरवशावरच बांधलेले. आत हवा दाबायचे निम्मे काम पंखा करणार, म्हणून इंजिनाने स्वतः कमी दाबायची. पंखा गेल्यावर मी माझ्या साध्या बहिणींपेक्षाही अशक्त झाले.

शाळेतले सगळे सर मदतीला धावले. त्यात पी.टी.चे सर होते. ढकलताना सगळ्यांचा जोर एकदम लागायला हवा, म्हणून त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली. फुर्रर्र! ढकला! फुर्रर्र! ढकला! हे रोजचे झाले. आता शिवणवाल्या मावशींच्या दुकानातल्याच नाही, तर पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही वळून बघू लागल्या. सगळी शाळा खिडक्यांत. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले. पण आपले चुकले असे एक अक्षर हेडसरांच्या तोंडून निघेल तर शपथ! पावसाळी हवेमुळे गाडी दमली आहे, म्हणाले. मी संतापाने नुसती धूर सोडत राहिले.

शेवटी काकूच उठल्या आणि हेडसरांना घेऊन गॅरेजात गेल्या.

"मिस्त्री, गाडी चढत का नाही?"

मिस्त्री मान खाजवत म्हणाले, "तो पंखा काढला ना, म्हणून असेल."

"मग काढलात कशाला?"

"सर म्हणाले शिट्टी बंद करा. मी बंद केली."

"पंखा कशासाठी आहे, ते विचारलं नाहीत?"

"मला वाटलं सरांना ठाऊक असेल. एवढे शिकलेले."

काकू हेडसरांकडे वळल्या. हेडसर हळूच म्हणाले, "मला वाटलं, मिस्त्रींना ठाऊक असेल."

ऐकलेत? याला वाटले त्याला ठाऊक, त्याला वाटले याला ठाऊक! आणि जिला खरोखर ठाऊक होते, तिला दोघांनीही विचारले नाही. माझा पंखा कुठे होता म्हणता? गॅरेजचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवला होता. निदान तोंडाला चिंधी कोंबली होती, म्हणून आत माती गेली नव्हती.

मिस्त्री पंखा परत बसवायला तयार होते. पण मग शिट्टीही परत येणार होती. त्यांनी हेडसरांकडे पाहिले. काकूंनीही पाहिले. मी तर श्वास रोखून पाहत होते. एकीकडे माझा पंखा, दुसरीकडे त्यांचे नाव. हेडसरांनी वाकून माझ्या बॉनेटवरच्या भोकात पाहिले. मग काकूंना म्हणाले, "त्या नियमाचं काय सांगत होतीस तू? पुन्हा सांग बरं."

काकूंनी सांगितले. या वेळी हेडसर 'हं' म्हणाले नाहीत. त्यांनी दोन शंका विचारल्या, त्याही खऱ्याखुऱ्या, उत्तर ठाऊक नसलेल्या. मग ते मिस्त्रींना म्हणाले, "बसवा."

पंखा बसवून झाल्यावर मिस्त्रींनी बजावले, "सर, एक सांभाळा. चढ चढून गेल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. पंखा तापलेला असतो. त्याला तेल मिळत राहायला हवं. जरा वेळ नुसती चालू ठेवा, मग बंद करा." बहुधा या वेळी त्यांनीही कुठेतरी विचारले असावे. हेडसरांनी मान डोलावली. त्या मानेवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढाच्या आधीच हेडसरांनी मला शिवणवाल्या मावशींच्या दुकानासमोर थांबवले. खाली उतरले आणि माझे बॉनेट उघडले. दुकानातल्या बायका बाहेर आल्या. फाटकातली मुले जमली. पी.टी.चे सर शिट्टी तोंडात धरून तयारच होते.

"मावशी, गाडी आता पुन्हा वाजणार आहे," हेडसर म्हणाले. "ती का वाजते ते ऐकून घ्या." मग ते थबकले, काकूंकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू सांग. मला हे तूच शिकवलंस."

काकूंनी पंखा दाखवला. भावाची हकीकत सांगितली, नियम सांगितला. शिवणवाल्या मावशींनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखंच की! दुकानाच्या काचेत बाहुलीला भरजरी झगा घालायचा. लोक बघतात तो, शिवून घेतात साधा."

"अगदी तसंच," काकू म्हणाल्या. "फक्त नियम असा, की तो भरजरी झगाही थोड्या गिऱ्हाइकांना विकावाच लागतो."

"आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे सर!" मावशी म्हणाल्या, आणि सगळे हसले. हेडसरही हसले. मला विशेष हसू आले नाही. इतके दिवस माझा जीव खाल्ल्यावर यांना गोष्ट समजली, तीही झग्यावरून.

मग आम्ही चढाला लागलो. हेडसरांनी पाय दाबला. क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग माझा पंखा जागा झाला. सूंऽऽऽ! एका दमात मी वर. मागे कुणी मान वळवली असेल तर कौतुकाने वळवली असेल. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

वर पोचताच हेडसरांचा हात सवयीने किल्लीकडे गेला. गेलाच! कालच सांगितले होते मिस्त्रींनी, कालच! मी आतल्या आत किंचाळले. पण काकूंनी त्यांचा हात धरला.

"अहो, थांबा. तिला दम खाऊ द्या."

"अगं, घंटा होईल आता."

"होऊ दे."

आणि घंटा झाली. मुले धावत वर्गात गेली. उशिरा येणाऱ्यांना फाटकात उभे करणारे हेडसर माझ्यात बसून होते, काकूंच्या हातात हात तसाच ठेवून, आणि माझा पंखा सावकाश निवत होता. खिडकीतून सगळी शाळा बघत होती. हेडसरांनी काच खाली केली आणि वर्गाकडे बघून ओरडून सांगितले, "आज मला उशीर झाला आहे. कारण विचारा, सांगेन."

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. तुमच्या घरात, वर्गात, रस्त्यावर एखादी वस्तू किंवा एखादे माणूस जरा वेगळा आवाज करत असेल, तर त्याचे काही काढून घेण्याआधी, तो आवाज कसला, एवढे त्याला विचारा. आणि त्याने तुम्हाला चढ चढवून दिला असेल, तर लगेच किल्ली फिरवू नका.