काटा लाल झाला, पण मी खोटा नव्हतो

मित्रांनो, हा अंगठ्याएवढा पितळेचा तुकडा पाहून नाक मुरडू नका. मी टेम्पोचा तापमापक सेन्सर आहे. म्हातारा झालोय, पण खोटा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता आणि तो मी आजही मान्य करत नाही.

१९८९ साली वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. इंजिनातल्या पाण्यात नाक बुडवून बसायचं आणि पाणी किती तापलंय ते एका वायरीतून ड्रायव्हरसमोरच्या काट्याला कळवायचं, एवढंच माझं काम. धोका असला की काटा लाल पट्टीवर जातो.

चेंदणी कोळीवाड्यातल्या दगडाबाईंच्या टेम्पोत मला बसवलं. त्यांचा धाकटा भाऊ दामाजी टेम्पो चालवायचा. बर्फात घातलेली मासळी घेऊन दोघं सकाळी डोंबिवलीच्या बाजारात जायची. एकदा मुंब्र्याच्या पुढे पाण्याचा पाइप गळू लागला. मी वेळेवर काटा लाल केला, दामाजीनं गाडी थांबवली आणि इंजिन वाचलं. दुसऱ्या दिवशी दगडाबाईंनी बॉनेटला झेंडूचा हार घातला. मला कोणी पाहिलं नाही, पण तो हार माझाच होता.

पुढे १९९४ च्या मार्चात विपरीत घडू लागलं. खड्ड्यात चाक आपटलं की काटा एकदम लाल! दामाजी गाडी थांबवायचा, बॉनेट उघडून वाट बघायचा. तोवर बर्फ वितळायचा आणि मासळी नरम पडायची.

गॅरेजवाल्या हरिहर मेस्त्रींनी मला काढलं. "सेन्सर गेलाय. फेकून दे," ते म्हणाले. काही तपासलं नाही, की मोजलं नाही! दामाजीनं मला उचलून खिशात टाकलं आणि माझ्या जागी नवा आला. दोनच दिवसांत शिळफाट्यावर काटा पुन्हा लाल झाला. गॅरेजच्या सपाट जमिनीवर मात्र तो शहाण्यासारखा जागेवर.

"सेन्सर नवा कोरा आहे," मेस्त्री दगडाबाईंना म्हणाले. "तुमचा भाऊच थापा मारतोय. कामाचा कंटाळा आलाय त्याला."

"बाय, देवाशपथ, काटा लाल झालेला," दामाजी म्हणाला.

"मग गाडी थंडगार कशी रे? रोज माझी मासळी नासते." दगडाबाईंचा आवाज चढला. "सोमवारपासून टिटवाळ्याचा मोरू गाडी चालवंल. तू घरी बस."

खिशात दामाजीनं मला घट्ट धरलं होतं. माझ्यासारखाच तोही खोटा ठरला होता.

दगडाबाईंनी हे गाऱ्हाणं बाजारात नेहमीच्या गिऱ्हाईक वासंतीताईंना सांगितलं. ताई टेलिफोन खात्यात बिघडलेल्या लाइनी तपासायच्या. त्या म्हणाल्या, "अहो दगडाबाई, फोन बंद पडला की लोक यंत्र बदलायला सांगतात, आणि निघते तार तुटलेली. रविवारी येते मी. तोवर कोणाला काढू नका."

रविवारी ताई मीटर घेऊन आल्या. दामाजीनं मला खिशातून काढून त्यांच्या हातात दिलं. दगडाबाईंच्या पातेल्यात त्यांनी माझं नाक बुडवलं आणि स्टोव्ह पेटवला. पाणी तापत गेलं, तसा मीटरचा काटा संथपणे सरकत गेला. एकदाही अडखळला नाही. चटके बसत होते, पण मी ताठ होतो. घ्या, तपासा मला!

"हा ठणठणीत आहे," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी टेम्पोतल्या नव्या सेन्सरची वायर सोडवून हवेत धरली. काटा खाली बसला. "दामाजी, आता गाडी हलवा." दामाजीनं खांदा लावून टेम्पो गदागदा हलवला. काटा टुणकन लाल पट्टीवर!

दगडाबाई पाहतच राहिल्या. "वायर तर तुमच्या हातात हाय!"

"तेच ना. सेन्सर जोडलेलाच नाही, तरी काटा लाल होतोय. म्हणजे दोष वाटेत आहे."

ताई वायरीवर बोट फिरवत गेल्या. फेब्रुवारीत हरिहर मेस्त्रींनी नवा हॉर्न बसवला होता. त्याच्या पट्टीखाली वायर चेपली होती, आवरण सोललं होतं. गाडी हलली की उघडी तार पत्र्याला टेकायची आणि तोच सेन्सरचा इशारा समजून काटा लाल व्हायचा.

दामाजीनं टेम्पोची किल्ली बहिणीपुढे धरली. "घे. मोरूला दे."

दगडाबाईंनी त्याची मूठ किल्लीवर मिटवली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "मोरूला मी सांगते काय ते. चुकलं माझं. तू वायर नीट कर, गाडी काढ, आणि आधी हरिहरच्या गॅरेजवर घे. मला त्याच्याशी बोलायचंय."

मित्रांनो, गॅरेजवर त्या काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. पण मेस्त्रींनी अर्ध्या बाजारासमोर दामाजीची माफी मागितली. माझी मागितली नाही. न मागोत! मला माफी नकोच आहे. यंत्र असो वा माणूस, फेकण्याआधी तपासा, एवढंच माझं मागणं आहे. आणि ते मी हात जोडून मागत नाही, हक्कानं मागतो.