सहा जादा मतं

असं समज, की तुझ्या वर्गात एक्केचाळीस मुलांनी मत दिलं आणि मोजल्यावर मतं निघाली सत्तेचाळीस. तुझा पहिला संशय कुणावर जाईल? उत्तराची घाई नको. आधी एका गुजराती शहराच्या समा भागातल्या शाळेत, सातवीच्या वर्गात, सानवीशेजारी येऊन बस.

मॉनिटरची निवडणूक होती. उमेदवार दोन, दिग्विजय आणि प्राची. प्राची सानवीच्याच बाकावर बसायची, तिची जिवाची मैत्रीण. तरी वर्गशिक्षिका नयनाबेननी मतदान अधिकारी नेमलं सानवीला. तिचे आजोबा दीनानाथ रेल्वेत नोकरीला असताना कितीतरी निवडणुकांत मतदान केंद्र सांभाळून आले होते, आणि सानवी खोटं चालवून घेत नाही, हे वर्गाला ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी आजोबांनी वहीच्या पानावर तिला एकेक पायरी लिहून दिली.

"मतदानाआधी यंत्र तपासायचं. दोन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींनी चाचणीची मतं द्यायची. बेरीज जुळली, की ती पुसायची आणि शून्य आकडा दोघांना दाखवायचा. प्रत्येक पायरीपुढे दोघांची सही घ्यायची."

"इतक्या सह्या? म्हणजे कुणावर विश्वासच नाही का, आबा?"

"केंद्रात? अजिबात नाही," आजोबा हसले. "मी स्वतः केंद्राचा प्रमुख असायचो, तरी दिवसाअखेर एकूण मतांचा आकडा लिहून, सही करून प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात द्यावा लागे. मोजणीच्या दिवशी ते आपला कागद घेऊन येत आणि आकडा ताडून बघत. संशय घ्यायचा, सानू. पण आधी कागदावर घ्यायचा. माणसाची पाळी शेवटी."

सकाळी प्रार्थनेआधीच सानवी वर्गात हजर झाली. शाळेचा टॅब हे यंत्र. पडद्यावर दोन नावं, आवडेल त्या नावावर बोट ठेवायचं. दिग्विजयचा प्रतिनिधी समरजित आणि प्राचीचा प्रतिनिधी धवल, दोघांनी आपापल्या उमेदवाराला तीन-तीन मतं देऊन पाहिली. बेरीज सहा. बरोबर! दोघांनी कागदावर सह्या ठोकल्या, तेवढ्यात घंटा झाली आणि तिघंही पटांगणाकडे पळाले.

मग खरं मतदान झालं. एकेकाने हजेरीच्या वहीत सही करायची, बोटाला स्केचपेनची खूण करून घ्यायची आणि उघड्या कपाटाच्या दाराआड जाऊन मत द्यायचं. मधल्या सुट्टीपर्यंत एक्केचाळीस सह्या झाल्या. सानवीने टॅब कपाटात ठेवला, दोन्ही दारांवर मिळून कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर तिघांनी सह्या केल्या.

सुट्टीत पाणी पिऊन परतताना तिला दिसलं, दिग्विजय वर्गातून एकटाच बाहेर येतोय.

"काय करत होतास रे आत?"

"डबा राहिला होता." हातातला डबा त्याने पाठीमागे नेला.

डबा कशाला लपवायचा? सानवीच्या मनात पाल चुकचुकली.

सुट्टी संपल्यावर पट्टी फाडून टॅब काढला. नयनाबेननी फळ्यावर आकडे लिहिले. दिग्विजय सव्वीस, प्राची एकवीस. दिग्विजयच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या, पण सानवीने हजेरीची वही बघून हात वर केला. "बेन, सह्या एक्केचाळीस आहेत. मतं सत्तेचाळीस."

"चोरी! आ तो खुल्ली चोरी छे!" धवल बाकावर चढला. "याची सहा काढा, वीस उरतात. प्राची एका मताने जिंकली!"

"सुट्टीत हाच वर्गात होता," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्ही बघितलं."

"मी डबा घ्यायला आलो होतो!"

"डबा लपवत का होतास मग?" हे विचारलं सानवीने. स्वतःचाच आवाज तिला टोचला.

दिग्विजयचे कान लाल झाले. "शिळी भाकरी होती. तुम्ही हसता."

कुणी हसलं नाही, पण कुणाचा विश्वासही बसला नाही. नयनाबेन म्हणाल्या, "शांत बसा. उद्या पुन्हा मतदान घेऊ." प्राचीने सानवीचा हात दाबला. "उद्या त्याला कोण मत देणार गं?" ती कुजबुजली. खरंच होतं. चोराला कोण मत देईल?

सानवीच्या मुठीत ती फाडलेली पट्टी अजून होती. तिने ती बाकावर सरळ केली. मधोमध फाटलेली, पण फाडली होती तिनेच, सगळ्यांच्या देखत. तोवर तिन्ही सह्या जशाच्या तशा होत्या. मग सुट्टीत टॅबला हात लागला कसा? जादा मतं सुट्टीआधीचीच असणार. पण किती आधीची?

तिने आजोबांचा कागद उलगडला. चाचणीची मतं दिली: दोन सह्या. बेरीज जुळली: दोन सह्या. मतं पुसून शून्य दाखवलं.

या ओळीपुढे काहीच नव्हतं.

प्रार्थनेची घंटा! शून्य तिने कुणालाच दाखवलं नव्हतं, कारण ते झालंच नव्हतं. तीन आणि तीन, सहा. कागद दप्तरात गेला असता, तर कुणाला कळलंही नसतं. उद्या प्राची मॉनिटर झाली असती.

"सानू, काय बघतेस?" प्राचीने विचारलं.

सानवी उठली. फळ्यापाशी जाऊन तिने सव्वीस पुसून तेवीस लिहिले, एकवीस पुसून अठरा. खाली बेरीज मांडली, एक्केचाळीस.

"धवल, सकाळी चाचणीला तू किती वेळा बोट ठेवलंस?"

"त्रण वार," धवल म्हणाला, आणि त्याचा आवाज हळूहळू खाली आला.

"समरजितनेही तीन वेळा. ती मतं मी पुसलीच नाहीत."

मग सानवीने टेबलावर कागद ठेवला, रिकाम्या जागेत 'केलं नाही' असं लिहून खाली आपली सही केली, आणि पेन आधी धवलपुढे धरलं.