चोथ्याचं पाणी

पानांतलं घ्यायचं ते सगळं घेऊन झालं, की मागे चोथा उरतो.

सासूच्या उशीखाली फडक्यात बांधलेलं अर्धं बिस्कीट. धाकट्या बहिणीसाठी राखलेलं.

‘रिकामं मडकं कितीही घासलं तरी रिकामंच.’ हे सासूचं वाक्य. सून दवाखान्यातून रिकाम्या कुशीने परतली, त्या दिवसाचं.

प्रयोगशाळेत उंदीर पाण्यात पोहतात. ज्यांना पानांचा अर्क पाजलेला असतो त्यांना पाण्याखालची पायरी कुठे आहे ते आठवतं. पुढे आठवणारे आणि विसरणारे, दोघांचीही डोकी उघडून बघतात.

“चिमे, इकडे ये. केस बघ कसे झालेत तुझे.”

हेही सासूचंच वाक्य, आणि सुनेलाच म्हटलेलं. फक्त सून म्हणजे चिमी नव्हे. चिमी सासूची धाकटी बहीण. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

सासू विसरत गेली ती शेवटाकडून सुरुवातीकडे. आधी काल गेला, मग नवऱ्याचं मरण, मग मुलाचं लग्न. लग्नच गेलं तशी सूनही पुसली गेली, आणि त्या पुसलेल्या जागेवर एके दिवशी चिमी येऊन बसली. जिने उभ्या जन्मात सुनेला ‘ए’शिवाय हाक मारली नव्हती, ती बाई तिला पुढ्यात बसवून वेणी घालू लागली. सुरुवातीला सून अंग आखडून बसायची. हाच हात कधी कानशिलात बसेल याचा भरवसा नव्हता. मग मान सैल पडली. मग कामावरून घरी येताना पाय आपोआप झपझप पडू लागले. एकदा सासूने लटक्या रागाने विचारलं, हल्ली ताई म्हणत नाहीस ती? सुनेच्या तोंडून ‘ताई’ निघून गेलं आणि तिच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

गोची एवढीच होती, की चिमी वेणी घालून घ्यायची त्या काळात सासूचा मुलगा अजून जन्मालाच आला नव्हता.

तो दारात दिसला की सासू भिंतीला टेकायची. हा कोण माणूस, रोज कशाला येतो, घरात कुणी विचारत कसं नाही याला? तो आधी हसण्यावारी न्यायचा. मग हसणं संपलं.

सून कामाला होती ती अर्क काढणाऱ्या प्रयोगशाळेत. पानं वाळवायची, दळायची, स्पिरिटात भिजवायची, गाळायची आणि गाळलेलं आटवून काळपट दाट अर्क उतरवायचा. उरलेल्या चोथ्यातलं स्पिरिट वाया जाऊ नये म्हणून तो पाण्यात एकदा उकळून घ्यायचा. ते पाणीही हिरवंगार, कडूजहर. पण त्यात काही नसतं. ते मोरीत जातं.

अर्क आठवण टिकवण्यासाठी होता, हे कळल्यापासून तो आईसाठी आण म्हणून नवऱ्याने तगादा लावला. प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडम आधी नाहीच म्हणाल्या. उंदरांना लागू पडलं ते माणसाला पडेल असं नाही, असं त्यांनी परोपरीने समजावलं. शेवटी सुनेचं तोंड बघून त्यांनी थोडा अर्क पातळ करून एका बाटलीत दिला.

नवरा स्वतःच्या हाताने चमचा भरवायचा. आई त्याच्या अंगावर थुंकायची. तो शर्ट पुसायचा आणि पुन्हा चमचा भरायचा.

बाटली निम्म्यावर आली असेल. सकाळी वेणी घालता घालता सासूचा हात थांबला.

“ए. तू माझ्या खोलीत काय करतेस?”

आवाज जुना होता. सून उठून उभी राहीपर्यंत मडक्याचं वाक्यही आलं, शब्दाला शब्द तेच, जणू मधली वर्षं कुणी गाळून फेकली होती. अर्धी वेणी पाठीवर सुटत गेली. तेवढ्यात नवरा दारात आला आणि सासूचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला.

“आलास बाळा? किती रे वाळलास.”

आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा रडला. सून हातात कंगवा घेऊन तिथेच उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही.

दुपार होईतो सासू पुन्हा चिमीला शोधू लागली होती. पण नवऱ्याला त्या सकाळची चव लागली होती.

“पाहिलंस ना? ओळखलं तिने मला. आता खंड पडू द्यायचा नाही.”

“नाही पडू द्यायचा,” सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने उरलेला अर्क प्रयोगशाळेच्या मोरीत ओतला आणि बाटलीत चोथ्याचं पाणी भरलं. ती सकाळ अर्काने आली होती की आपली आपणच, हे कळायचा मार्ग त्या मोरीतून वाहून गेला. कळून घ्यायची तिला हौसही नव्हती.

बाटली संपायची, ती तसलीच नवी भरून आणायची. नवऱ्याने एकही चमचा चुकवला नाही. सासू झरझर उतरणीला लागली तेव्हा त्याने बायकोला विचारलं, तू त्यातली माहितगार आहेस, दोन चमचे करू का? करा, म्हणाली. तिच्या डोळ्यांदेखत तो रोज आईच्या तोंडात गटाराचं पाणी घालायचा, फुंकर मारून, बाळाला घास भरवावा तसं.

शेवटी शेवटी त्याला पाहिलं की सासू किंचाळायची. म्हणून तो बाहेर स्टूल टाकून बसायचा. एका संध्याकाळी सासूने सुनेचा हात घट्ट धरला.

“चिमे, दार लाव. तो माणूस परत आलाय.”

नवऱ्याने स्टुलावरून वर पाहिलं. बायको काहीतरी सांगेल म्हणून त्याने क्षणभर वाट पाहिली. सुनेने दार लोटलं आणि आतून कडी घातली. मग ती सासूपुढे पाठ करून बसली. सासूने फडकं सोडून तिला अर्धं बिस्कीट दिलं. ते मऊ पडलं होतं. तिने ते सगळं खाल्लं.

सासू गेली त्या दिवशी नवरा म्हणाला, माझं औषध काही लागू पडलं नाही, पण तुझ्यावर तिने माया केली, तेवढं तरी झालं. सून बाटली घासत होती. ती घासतच राहिली.

फार पूर्वी, चिमी गेल्याचा निरोप घेऊन माणूस आला होता. दार सुनेनेच उघडलं होतं, आणि निरोप कानावर पडू नये म्हणून सासू आतून म्हणाली होती, “सांग त्याला, घरात कुणी नाही.”