दोराच्या आतलं पाणी

सिल्वासाला समुद्र नाही, ही गोष्ट रिसॉर्टच्या मालकाला पटलेली नव्हती. म्हणून त्यानं धरणाच्या काठी ट्रकांनी रेती ओतली आणि फाट्यावर 'बीच' अशी पाटी ठोकली. लोक येऊ लागले. गुजरातेतून येणारे आधी बाजारात घसा ओला करून घेत, कारण त्यांच्या राज्यात ती सोय नाही. मग त्याच अवस्थेत त्यांना पाण्यावरची स्कूटर चालवायला मिळे, कारण ही सोय फक्त इथंच.

कावेरी इथली जीवरक्षक. शहाद्याकडची, कबड्डीत जिल्ह्यापर्यंत पोचलेली. पोहणाऱ्यांना स्कूटरींपासून वाचवणं हे तिचं काम, आणि त्यासाठी तिला एक शिट्टी देण्यात आली होती. स्कूटर जवळ आली की ती शिट्टी फक्त वाजवणाऱ्याला ऐकू येई. शिवाय एक दोर होता, पांढरे कॅन ओवलेला, धक्क्याच्या कठड्यापासून काठावरच्या जांभळीपर्यंत. आतलं पाणी पोहणाऱ्यांचं, बाहेरचं स्कूटरींचं. पण दोर ढिला होता आणि स्कूटर त्याच्यावरून अशी सरके की दोरालाही कळू नये.

रविवारी दोराच्या आत खडोलीच्या सूत कारखान्यातल्या बाया असत. सहा दिवस मशीनच्या गरम हवेत उभ्या राहणाऱ्या या बायांना कावेरीनंच पोहायला शिकवलं होतं. त्यांची म्होरकी सरुबाई म्हणायची, "माय वं, आख्ख्या आठवड्यात एवढंच पाणी माझं. बाकीचं घाम."

त्या रविवारी गौरव आला. हा त्याच कारखान्यातला शिफ्टचा साहेब, मूळचा पुण्याचा. सोबत दोस्त संजू, दुसऱ्या स्कूटरवर, एका हातात मोबाईल. पहिली चक्कर गौरवनं दोराच्या आतून मारली. बाया किंचाळल्या. व्हिडिओ झकास आला, कारण किंचाळणं खरं होतं.

"साहेब, बाहेर!" कावेरी धक्क्यावरून ओरडली.

"अगं ताई, चिल! एकच टेक अजून!"

ती मॅनेजर नंदकुमारकडे धावली. त्याच्या गळ्यात धक्क्याला लावलेल्या स्कूटरींच्या चाव्या आणि या दोघांच्या स्कूटरींच्या जादा चाव्या माळेसारख्या लोंबत होत्या. "गेस्ट आहेत," तो म्हणाला. "गोड बोलून समजाव. तेच तर आपलं ट्रेनिंग आहे."

गोड बोलायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या टेकला स्कूटरचं नाक सरुबाईच्या भाचीच्या, रोशनीच्या, खांद्यावर बसलं. कॉलरबोन मोडल्याचा आवाज धक्क्यापर्यंत आला. चौघींनी तिला रेतीवर आणलं, तेव्हा तिचा डावा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लटकत होता.

गौरव लांब जाऊन वळला. त्याला वाटलं, घासून गेली असेल. तिसऱ्या टेकसाठी तो इंजिन वाढवू लागला. पाण्यात अजून सहा-सात बाया होत्या, कमरेएवढ्या पाण्यात, पळायचं कुठं ते न कळून उभ्या.

कावेरीनं शिट्टी थुंकली. काठावर येऊन जांभळीजवळचा दोर पकडला. "सरुबाई, ओढा!"

"अवं, साहेब आहे तो आपला! उद्या पहिली पाळी आहे माझी!"

"मग आज जाऊ दे त्याला भाचीवरून?"

सरुबाईनं रोशनीकडे पाहिलं आणि दोर कमरेशी घेतला. कंपनीच्या वार्षिक खेळात रस्सीखेचीच्या बक्षिसाचा स्टीलचा डबा याच बायांनी जिंकला होता, आणि अंतिम सामन्याला शिट्टी याच साहेबांनी फुंकली होती. काठावरच्या दहा बायांनी टाचा रेतीत रोवल्या. "हैऽऽशा!" दोर पाण्यातून सपकन वर आला, छातीइतका उंच, कॅन थरथरत.

गौरवला तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. दोर छातीवर बसला, सरकत हनुवटीखाली गेला आणि त्याला आसनावरून उचलून मागं फेकता झाला. स्कूटर त्याच्याविना थोडी पुढे गेली आणि गप्प झाली. दोघांत तीच समजूतदार निघाली. झटक्यानं अर्ध्या बाया तोंडावर आपटल्या. तळहातांची सालं दोराला चिकटून राहिली.

गौरव सैल पडलेल्या दोराच्या आत, पाण्यात पालथा पडला होता. भोवती लाल पसरत होतं.

"मरू दे," एक बाई म्हणाली.

कावेरीलाही तसंच वाटलं. पण आता तो स्कूटरवर नव्हता, पाण्यात होता. म्हणजे पोहणारा झाला होता. अत्यंत वाईट पोहणारा, पण दोराच्या आतला. शिवी हासडून ती आत झेपावली आणि त्याला उताणा केला. जबडा एका बाजूला गेला होता, दात ओठातून बाहेर आला होता.

तेवढ्यात संजूनं मोबाईल खिशात घातला. मित्राला मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं, आणि डोक्यात दुसऱ्या कशाला जागा नव्हती. "ए बेन, तने तो छोडूंगा नहीं!" म्हणत त्यानं स्कूटर सरळ कावेरीवर घातली. तिच्या मिठीत आपला मित्र आहे, हे त्यानं लक्षात घेतलं नाही.

कावेरीनं गौरवचं डोकं काखेत धरलं आणि त्याच्यासकट बुडी मारली. स्कूटर वरून गेली. तिचा उजवा हात वर राहिला होता. कोपराखाली तो वाळक्या काटकीसारखा मोडला. संजू तसाच काठावर चढला, रेतीत रुतला आणि हँडलवरून उडून बायांच्या पायांशी पडला. तळहात सोललेले असल्यामुळे बायांनी त्याला लाथांनी मारलं. बरगड्या मोजायला कुणी थांबलं नाही.

कावेरीनं डाव्या हातानं गौरवला रेतीवर ओढून आणलं, तेव्हा नंदकुमार धावत आला. "अहो, गेस्ट आहेत ते!"

एकच ॲम्ब्युलन्स आली. कावेरीनं आधी रोशनीला चढवलं, सरुबाई सोबत गेली. मग उरलेल्या जागेत दोन्ही साहेब कोंबले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमचा हात?" ती म्हणाली, "पुढच्या खेपेला."

मग नंदकुमारनं घसा साफ करून जाहीर केलं, "सुरक्षेच्या कारणास्तव आजपासून पोहणं बंद. स्कूटरी चालू राहतील."

बाया काठाशी बसल्या होत्या. कुणी उठलं नाही. कावेरी त्याच्यापाशी गेली, डाव्या हातानं त्याच्या गळ्यातली माळ धरली आणि अशी हिसडली की त्याची मान वळली आणि दोरी कातडी घेऊन तुटली. मग काठावरच्या स्कूटरमधली चावी काढली, कमरेएवढ्या पाण्यात चालत जाऊन दुसरीतलीही, आणि सगळ्या मिळून धक्क्यापलीकडे भिरकावल्या, जिथं धरणाचा तळ कुणी पाहिलेला नाही.

नंदकुमार मान चोळत बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. त्याला पोहता येत नव्हतं.

"काढून देशील?" त्यानं शेवटी विचारलं, अगदी गोड आवाजात.

"हात मोडलाय साहेब," कावेरी म्हणाली, आणि मोडका हात पोटाशी धरून बायांमध्ये जाऊन बसली.