नाव राहिलेल्याचा नारळ

“पैज लावतो, यातलं एक अक्षर कुणाला पटायचं नाही,” असं बजावूनच तुळशीदासमामांनी कांदिवलीच्या चाळीतल्या ओट्यावर भाचीची गोष्ट सुरू केली. भाची, म्हणजे नलिनी, समोरच मेथी निवडत बसली होती. त्याची त्यांना पर्वा नव्हती.

तर साल सत्त्याऐंशी. नलिनी अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिही. एका बर्फखान्यासाठी तिनं प्रोग्राम केला होता: कुणाची किती मासळी आली, टोपलीमागे वजन किती पडलं. चार दिवस झकास चालायचा आणि पाचव्या दिवशी मधेच मरायचा. पडदा काळा, सकाळपासून भरलेलं सगळं गडप! कुठे मेला, कशानं मेला, पत्ता नाही. तिचे साहेब भाऊराव म्हणाले, “सोमवारी बर्फखान्याच्या मालकासमोर हा झोपला, तर मंगळवारपासून तू पण घरी झोप.”

नलिनी हट्टाला पेटली. वजनाच्या जागी कुणी नाव लिहिलं तर? केली सोय. प्रिंटरचा कागद संपला तर? केली. फ्लॉपी भरली तर? तीही केली. तरी मेला तो मेलाच. आता आणखी काय असेल रे बाबा?

रविवारी मामांकडे देवांपुढे मानाचा नारळ ठेवायचा होता. मामांनी मालवणीत गाऱ्हाणं, म्हणजे देवांना साकडं, घातलं. गावचा देव, वेशीवरचा, पाणंदीतला, एकेकाला हाक मारली, बाकीचे दर वेळी “होय म्हाराजा!” म्हणत होते. शेवटी मामा म्हणाले, “आणि जेचा नाव घेवचा माझ्याकडून रवला, तेनाय ह्यो मान आपलो मानून घेवचो!”

नलिनीचं “होय म्हाराजा” तोंडातच राहिलं. म्हणजे मामांनाही सगळी नावं ठाऊक नाहीत! म्हणूनच शेवटचा मान बिननावाच्याला!

सोमवारी तिनं प्रोग्राममध्ये एकच सोय वाढवली, नाव ठाऊक नसलेल्या चुकीसाठी. जी चूक कुठेच अडली नाही, ती इथे यावी. आधी भरलेलं सगळं जपून ठेवावं, काय बिघडलं आणि कुठल्या ओळीत ते पडद्यावर सांगावं, मगच प्रोग्राम बंद व्हावा.

मालक आपल्या कारकुनाला घेऊन आला. कारकून वेसाव्याच्या कृष्णाबाईच्या मासळीचे आकडे भरायला लागला आणि प्रोग्राम पडला. भाऊरावांनी डोळेच मिटले. पण पडदा काळा झाला नाही. भरलेलं सुखरूप होतं, आणि खाली इंग्रजीत कारण: शून्यानं भागाकार.

“वजन आहे, मग टोपल्या शून्य कशा?” नलिनीनं विचारलं.

“मॅडम, कृष्णाबाई रोजची पहिली टोपली देवीची धरते,” कारकून म्हणाला. “वजन करू देते, पण ती टोपली मोजू देत नाही. आज तिची आलीच एक!”

मालक खूश. “मरताना कारण सांगून मरतो, हेच पाहिजे होतं,” म्हणाला. भाऊरावांनी डोळे उघडले. नोकरी वाचली.

“आणि तेवढ्यात,” मामांनी आवाज खाली आणला, “पडद्यावर आपोआप ठळक मराठी अक्षरं उमटली: होय म्हाराजा!”

“खोटं!” नलिनीनं मेथीची काडी त्यांच्यावर भिरकावली. “त्या मशीनला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, मामा! ते मी ओरडले होते, भर ऑफिसात!”